सायकलचे कपडे आरशासमोर नाही, सायकलवर बसून निवडा

नागपूरहून रामटेकला सायकलने जाऊन आले तो पहिला रविवार मला अजून आठवतो. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. पाय ठीक होते, दमही पुरला, पण मांड्यांच्या आतली कातडी सोलवटली होती आणि पुढचे तीन दिवस ऑफिसच्या खुर्चीवर धड बसवत नव्हतं. सायकलचा काही दोष नव्हता. अंगात सुती ट्रॅकपँट होती, तिच्या मधोमध जाड शिवण. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. ते ओलं कापड आणि ती शिवण शंभर किलोमीटर एकाच जागी घासत राहिली.

मग मी सायकलचे कपडे घ्यायला गेले आणि ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभी राहून निवडून आणले. ती शॉर्ट उभ्यानं छान दिसायची. हँडलवर वाकलं की मात्र पोटाला काचायची आणि मागून खाली उतरायची. आपण सायकल उभ्यानं चालवत नाही. कंबरेतून वाकतो, हात पुढे जातात, गुडघे वर-खाली होतात. कपड्याची परीक्षा त्याच स्थितीत घ्यावी लागते, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात माझ्या वहिनींनी हायब्रिड सायकल घेतली. वय बावन्न, रोज पहाटे फुटाळ्यापर्यंत जाऊन येतात. आठवड्याभरात म्हणाल्या, "मला बसायचा त्रास होऊन राहिला. सीटवर जेलचं कव्हर टाकू का?" मी म्हटलं, "वहिनी, थांबा जरा. आधी आपण कपडे पाहू." मऊ कव्हरमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि हाडांच्या मधल्या नाजूक भागावर दाब वाढतो, शिवाय कव्हर हलतं ते वेगळंच. त्यांना घेऊन दुकानात गेले. त्या दिवशी आम्ही जे केलं तेच क्रमानं लिहिते.

घरून निघायच्या आधी

मोजमापाची टेप काढा आणि छाती, कंबर, नितंबांचा सगळ्यात रुंद भाग, मांडीचा मधला घेर आणि हाताच्या तळव्याचा घेर लिहून घ्या. तळव्याचा घेर अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी घ्यायचा. "मी एलच घालते" हे इथे चालत नाही. एका कंपनीचा एल दुसरीचा एम असतो, आणि इटालियन कंपन्यांचे साइज आपल्या सवयीपेक्षा एक-दोन नंबरनं लहान येतात. प्रत्येक कंपनीचा सेंटिमीटरचा तक्ता असतो. दुकानदाराला तो दाखवायला सांगा. कंबर एका रकान्यात आणि नितंब दुसऱ्यात आले, तर शॉर्टसाठी नितंब आणि मांडीचं माप धरा, जर्सीसाठी छातीचं.

दुसरी गोष्ट, तुम्ही किती वेळ चालवता ते स्वतःशी नक्की करा. सेमिनरी हिल्सची चढण करून घरी येणाऱ्याला पाऊण-एक तास पुरतो. बुटीबोरीपर्यंत जाऊन येणारा अडीच-तीन तास बसतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे अख्खा दिवस सीटवरच. या तिघांची शॉर्ट एक असूच शकत नाही. दुकानात पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जावा, "किती किलोमीटर चालवता?" हे न विचारता कुणी थेट महागडी बिब (खांद्यावर पट्टे असलेली शॉर्ट) काढून ठेवली, तर तुम्ही आपण होऊन सांगा.

सोबत न्यायच्या वस्तू: पातळ, बिनजाड शिवणीची अंडरवेअर घालून जा, बाई असाल तर राइडला घालता तीच स्पोर्ट्स ब्रा. मोबाइल, घराची किल्ली आणि चाकातली एक जुनी ट्यूब पिशवीत टाका, खिसे तपासायला लागतील. दुकान जवळ असेल तर स्वतःची सायकलच घेऊन जा. तुमच्या हँडलची उंची आणि तुमची सीट तिथे हजर असण्यासारखं दुसरं काही नाही.

वेळेचंही सांगते. रविवारी संध्याकाळी जाऊ नका. ट्रायल रूमबाहेर रांग असली की माणूस लाजेकाजे दोन मिनिटांत बाहेर येतो. आम्ही मंगळवारी सकाळी अकराला गेलो. दुकानात आम्हीच होतो.

शॉर्ट सगळ्यात आधी, आणि सगळ्यात जास्त वेळ तिलाच

पैसे मोजके असतील तर फक्त शॉर्ट घ्या, वर घरचा पॉलिस्टरचा टी-शर्ट चालेल. शरीराचं वजन जिथे टेकतं तिथे तडजोड नको.

सायकलच्या शॉर्टमधल्या गादीला दुकानात सगळे पॅड म्हणतात, जुने सायकलपटू शॅमॉय म्हणतात. शॅमॉय हा युरोपातल्या डोंगरांतला बकरीसारखा प्राणी. पूर्वी लोकरीच्या शॉर्टला आतून त्याचं मऊ चामडं लावत, आणि ते वाळून कडक होऊ नये म्हणून क्रीम चोळत. आता चामडं गेलं, फोम आला, नाव मात्र राहिलं. तेव्हाही ते चामडं कातडीवर घासणं थांबवायला असे, गादी म्हणून नव्हे. आजही पॅडचं निम्मं काम तेच आहे.

म्हणून पॅड हातात घेतल्यावर जाडी पाहून भुलू नका. अंगठ्यानं जोरात दाबा. अंगठा थेट पलीकडच्या बोटाला लागल्यासारखा वाटला तर तो स्पंज आहे, वजन पडताच चपटा होणार. चांगला पॅड दबतो पण तळ देत नाही, आणि बोट काढल्यावर सावकाश वर येतो. बैठकीच्या हाडांखाली तो घट्ट असावा, कडेला पातळ होत जावा. काही कंपन्या फोमची घनता छापतात. लांब राइडच्या पॅडवर ८० ते १२० असे आकडे दिसतात, ते घनमीटरला किलोग्रॅम. आकडा नसला तर अंगठा पुरेसा आहे.

मग शॉर्ट उलटी करा आणि पॅडच्या कडेवरून बोट फिरवा. शिवण सपाट हवी, टोचणारा दोरा कुठेही नको. पॅडच्या मधोमध उभी जाड शिवण असेल तर शॉर्ट परत ठेवा, कितीही स्वस्त असो. माझ्या ट्रॅकपँटनं मला जे शिकवलं ते हेच.

कापडाची एक परीक्षा सगळ्यांनी करावी, बायकांनी तर नक्कीच. मागचा भाग दोन्ही हातांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर वाकल्यावर अंगही दिसेल. काळ्या शॉर्टमध्येही पातळ कापड निघतं. फिक्या रंगाची तर घाम आल्यावर अजून पारदर्शक होते. कापडात नायलॉन किंवा पॉलिस्टरसोबत इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, हवं. ताणून सोडल्यावर ते लगेच जागेवर आलं पाहिजे. ढिलं राहिलं तर महिन्याभरात गुडघ्यापर्यंत लोंबेल.

ट्रायल रूममध्ये

दुकानात शॉर्ट अंडरवेअरवरूनच घालून पाहायची, ती अजून तुमची झालेली नाही. राइडला मात्र आत काही घालायचं नाही. वहिनी थबकल्या. "म्हणजे काहीच नाही? तू खरं सांगून राहिली का?" खरंच सांगते. अंडरवेअरची शिवण नेमकी तिथेच येते जिथे सगळा दाब असतो, आणि पॅड व कातडी यांच्यामध्ये घामाचा एक थर अडकतो. पॅडचं वरचं कापड घाम ओढून घेण्यासाठी केलेलं असतं. त्याला कातडी लागू द्या.

घालताना दोन्ही पाय वर ओढा, मग पॅड हातानं जागेवर बसवा, अंगाला चिकटून. पॅड आणि अंग यांच्यात पोकळी राहिली तर साइज मोठा आहे. वहिनींनी पहिली शॉर्ट घातली आणि आतूनच म्हणाल्या, "हे तर लय घट्ट होऊन राहिलं." उभ्यानं तसं वाटायलाच हवं. मी त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या: गुडघे वाकवून अर्धं बसा, एक पाय स्टुलावर ठेवा, पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला जा. वाकल्यावर आवळपणा कमी झाला तर साइज बरोबर, वाढला तर लहान.

मांडीवरचा ग्रिपर, म्हणजे खालचा रबरी पट्टा, पाहा. त्याच्या वर-खाली मांसाचे वळ उठले तर तो फार आवळतोय. दोन बोटं सहज आत गेली तर शॉर्ट वर सरकत राहणार. पट्टा रुंद असला तर दाब वाटला जातो; भरलेल्या मांड्यांना तोच घ्यावा.

यानंतर ट्रायल रूममधून बाहेर या. लाज वाटत असेल तर टी-शर्ट खाली ओढा, पण बाहेर या. दुकानदारानं स्वतः होऊन म्हटलं, "ताई, बसून पाहा न सायकलवर. उभ्यानं काय समजते?" त्या माणसाबद्दल माझा आदर तिथेच वाढला. एका मुलानं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं, वहिनी सीटवर बसल्या. दुकानात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवू देणारा स्टँड, असेल तर उत्तमच.

बसल्यावर लगेच उतरायचं नाही. हँडल धरा, पेडल उलटं फिरवा, किमान पाच मिनिटं. बैठकीची दोन हाडं पॅडच्या घट्ट भागावर आली का? हाडं नेमकी कुठे आहेत ते कळत नसेल तर घरी एखाद्या लाकडी पाटावर तळहात खाली घेऊन बसा, लगेच हाताला लागतील. पॅडची कड मांडीच्या आतल्या बाजूला टोचते का? पेडल फिरताना पॅड अंगासोबत राहतो का, की एका बाजूला सरकतो? पोटाला पट्टा काचतो का? मागून कंबर उघडी पडते का, हे सोबतच्या माणसाला पाहायला सांगा. स्वतःला ते कधीच दिसत नाही.

वहिनींनी तीन शॉर्ट अशा घालून पाहिल्या. उभ्यानं सगळ्यात आरामाची वाटली ती बसल्यावर आधी बाद झाली, कारण तिचा पॅड मागे नुसताच लोंबत होता.

बायकांचा पॅड वेगळा असतो

दुकानात बायकांचा माल कमी असतो. मग "युनिसेक्स आहे" म्हणून पुरुषांची शॉर्ट पुढे येते. घेऊ नका. पुरुषांच्या पॅडमध्ये पुढच्या भागाची रचना वेगळी आणि लांबट असते. बायकांचा पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतो, कारण बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे जास्त असतं. मालच नसेल तर मागवायला सांगा, आठवडाभर थांबा.

बिब शॉर्ट, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली, बसायला सगळ्यात सुखाची. पोटाला पट्टा नाही, पॅड जागचा हलत नाही. उभ्यानं तिचे पट्टे खांदे खाली ओढतात, वाकलं की सैल पडतात. उभ्यानंच सैल असतील तर ती मोठी आहे. पण हायवेवर बाईला लघवीला जायचं तर आधी जर्सी काढा, मग पट्टे. ढाब्यावरच्या संडासात हे किती कठीण जातं ते केल्याशिवाय कळत नाही. काही कंपन्या मागून सुटणाऱ्या क्लिपची बिब देतात. ती मिळाली तर घ्या, नाहीतर रुंद, चपट्या कंबरपट्ट्याची साधी शॉर्ट बरी. पुरुषांना हा अडसर कमी आहे, त्यांनी लांब राइडला बिबच घ्यावी असं माझं मत.

लायक्राची, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या या ताणत्या कापडाची, लाज वाटणाऱ्यांनी वरून एक सैल, पातळ शॉर्ट चढवावी. आत पॅडेड लायनर आणि बाहेर सैल कापड अशी जोडीही मिळते. कुर्ता मात्र नको. तो सीटच्या नाकाला अडकतो आणि उतरताना तोल जातो. ओढणीचं तर बोलूच नये, चेन आणि चाक दोन्ही तिची वाट पाहत असतात. लाजेबद्दल इतकंच म्हणते: डॉ. अमित समर्थ याच शहरातले, त्यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. अशा नागपुरात सायकलची शॉर्ट घालून तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहायला कुणी संकोचू नये.

जर्सी

उभ्यानं जर्सी पुढून आखूड आणि मागून लांब वाटते. ती तशीच शिवलेली असते. पुढून टी-शर्टएवढी लांब असेल तर वाकल्यावर पोटाशी चुण्या पडतात आणि वारा भरतो. पुन्हा सायकलवर बसा, हात हँडलवर. मागची कड शॉर्टवर हातभर नाही पण चार बोटं तरी आली पाहिजे. खांद्यात ताण नको, काखेत चोळामोळा नको.

मोबाइल, किल्ली आणि ट्यूब मागच्या तीन खिशांत भरा आणि मग पाहा. भरलेला खिसा जर्सी खाली ओढत असेल, तर ती सैल आहे किंवा खिशाखालचं इलास्टिक कच्चं आहे. एका हातानं मधल्या खिशातली वस्तू काढून परत ठेवता येते का, तेही करून पाहा. झिप पूर्ण उघडणारी घ्या. एप्रिलमध्ये सकाळी आठला परत येताना ती गळ्यापासून पोटापर्यंत उघडावी लागते. झिपच्या वरच्या टोकाला कापडाची छोटी घडी असावी, नाहीतर हनुवटी खरचटते.

वजन भरलेलं असेल तर 'रेस फिट' लिहिलेल्या जर्सीच्या नादी लागू नका, 'क्लब फिट' किंवा 'रिलॅक्स्ड' पाहा. त्यात कमीपणा काही नाही. श्वास घेताना छातीवरची झिप लाटेसारखी वाकडी होत असेल तर एक साइज वर जा.

नागपूरचं हवामान डोक्यात ठेवून

इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर उतरला होता. एका कपड्यात हे वर्ष निघत नाही, पण दहा कपडेही लागत नाहीत.

आपला उन्हाळा कोरडा. घाम दिसायच्या आत उडतो आणि ऊन थेट कातडीवर येतं. म्हणून मे महिन्यात बिनबाह्यांची जर्सी मी चुकीची मानते. पातळ, पूर्ण बाह्यांची जर्सी किंवा फिक्या रंगाच्या आर्म स्लीव्ह्ज घ्या. स्कूटीवरच्या पोरी उगाच हातमोजे आणि स्कार्फ बांधून निघत नाहीत, उन्हाचं शहाणपण त्यांना आपल्याआधी आलंय. स्लीव्ह दंडावर चढवून हात दहा वेळा वाकवा. घसरली किंवा लाल रेघ उठली तर साइज बदला.

पावसाळा आणि नंतरचा सप्टेंबर हा उलट प्रकार: हवा दमट, घाम उडत नाही, कापड अंगाला चिकटतं. तेव्हा काखेत आणि पाठीला जाळी असलेली जर्सी उपयोगी. पावसाच्या जॅकेटला काखेत किंवा पाठीला हवेची वाट नसेल तर आतून घामानं तितकेच भिजाल. मी आपल्याकडच्या गरम पावसात भिजणं पत्करते आणि जॅकेटऐवजी भडक रंगाची जर्सी घालते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला गोरेवाड्याकडे वारा बोचतो. खिशात मावेल असं पातळ विंडचीटर पुरतं; जाड स्वेटशर्टात दहा मिनिटांत घाम येतो आणि मग तोच गारठतो. अंधारात निघणार असाल तर अंगावर रिफ्लेक्टिव्ह पट्टे हवेतच. ब्रेव्हेत रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचंच असतं.

हातमोजे, मोजे

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेला नस दाबली जातेय. जेलची गादी नेमकी तिथे असलेले अर्ध्या बोटांचे हातमोजे घ्या. घालून हँडल मुठीत धरा. तळव्यात कापडाची घडी पडली तर तीच पुढे फोड करणार. मोजे सुती नकोत, बाकी काही विशेष नाही.

बिलाआधी आणि बिलानंतर

किमतीचा अंदाज द्यायचा तर साधी पॅडेड शॉर्ट हजार रुपयांच्या आसपास मिळते, चांगल्या पॅडची दोन-तीन हजारांना, नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची बिब पाच हजारांच्या पुढे. तासाभराच्या राइडला पहिली बहुतेकदा पुरते. दोन तासांच्या पुढे जाणाऱ्यानं मधली घ्यावी, आणि एक महागडी घेण्यापेक्षा मधल्या दोन. एक वाळत असेल तेव्हा दुसरी अंगावर. न धुतलेली शॉर्ट पुन्हा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

बदलून देण्याचा नियम पैसे द्यायच्या आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. वापरलेली पॅडेड शॉर्ट कुणी परत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून लेबल न काढता घरी एकदा स्वतःच्या सायकलवर, खोलीत, पुन्हा आतल्या कपड्यांवरूनच, पंधरा मिनिटं बसून पाहा.

धुताना शॉर्ट उलटी करून गार पाण्यात, साध्या साबणानं. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो घाम ओढणाऱ्या धाग्यांवर थर धरतो. हातमोज्यांचे वेल्क्रो लावून वेगळे धुवा, नाहीतर लायक्राचे धागे निघतात. वाळवणं सावलीत, पॅड बाहेरच्या बाजूला. आपलं मे महिन्याचं ऊन इलास्टिकचा जीव घेतं. पावसाळ्यात पॅड वरून कोरडा लागतो आणि आतून दमट असतो, तो दोन बोटांत दाबून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

पहिली राइड दहा-पंधरा किलोमीटरचीच करा आणि घरी येऊन आरशात पाहा, आरशाचं खरं काम इथे आहे. मांडीवर ग्रिपरची फिकट खूण अर्ध्या तासात जाते. पॅडच्या कडेची लाल रेघ संध्याकाळपर्यंत राहिली तर साइज किंवा आकार चुकला. दोन्ही बाजूंना सारखं दुखण्याऐवजी एकाच बाजूला घासत असेल तर कपड्याला दोष देण्याआधी सीटची उंची तपासा. सीट उंच झाली की कंबर डावी-उजवी डोलते, आणि तिथे कुठलाही पॅड हरतो. वहिनींचं तसंच निघालं. नवी शॉर्ट घालूनही उजवीकडे लाल झालं होतं. सीट बोटभर खाली घेतली, तीन दिवस थांबलो, आणि परवा त्या फुटाळ्यावरून पुढे अंबाझरीपर्यंत जाऊन आल्या.